हेल्मेटमधला आवाज कोणाचा? – कॉलेज फुटबॉल आणि तुमचे प्रश्न

या वेळी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दलची पत्रं इतकी आलीत की सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो नाही, हेल्मेट आणि पॅड घालून अंड्यासारखा बॉल पोटाशी धरून पळायचा तो. २०२५ च्या सीझनमध्ये मोठमोठ्या युनिव्हर्सिटींनी मॅचेस चालू असतानाच कोचला नारळ दिला, आणि ज्यांची मुलं तिथे शिकतायत ते आईबाबा, आणि स्वतः शिकणारी मुलंही, एकच विचारतायत, हे चाललंय काय. तर बसा निवांत, एकेक घेऊ.

प्रश्न: मुलगी पेन स्टेट युनिव्हर्सिटीला शिकते, तिच्यामुळे आम्हा दोघांनाही मॅच बघायची सवय लागली. सीझनच्या सुरुवातीला टीम देशात दुसऱ्या नंबरवर होती आणि ऑक्टोबरच्या मध्यात कोच घरी! सहा मॅच तर राहिल्या होत्या, तेवढं थांबता आलं नसतं का? आणि काढण्यासाठी करोडो डॉलर द्यायचे हे काही केल्या पटत नाही. – एक बाबा, न्यू जर्सी

बाबा, तुमचा राग समजतो, पण आधी काय झालं ते नीट लावून घेऊ. जेम्स फ्रँकलिन २०१४ पासून तिथे होते, शंभराहून जास्त मॅच जिंकलेत त्यांनी, आणि आदल्याच सीझनला टीम प्लेऑफच्या (चॅम्पियन ठरवणाऱ्या सीझनअखेरच्या नॉकआउट मॅचेस) सेमीफायनलपर्यंत गेली होती, तिथे नोत्र दामकडून २७-२४ असा अगदी थोडक्यात पराभव झाला. त्यानंतर बॉल फेकणारा क्वार्टरबॅक ड्रू ॲलर, बॉल घेऊन पळणारे रनिंग बॅक निक सिंगलटन आणि कायट्रॉन ॲलन, ही सगळी मुलं प्रोफेशनल व्हायला न जाता परत आली, का तर एकदा शेवटचं जिंकून जाऊ म्हणून. म्हणून तो दुसरा नंबर. मग सप्टेंबरच्या शेवटी घरच्या मैदानावर ओरेगनकडून डबल ओव्हरटाइममध्ये ३०-२४, पुढच्या शनिवारी एकही मॅच न जिंकलेल्या लॉस एंजेलिसच्या यूसीएलएकडून ४२-३७, आणि ११ ऑक्टोबरला होमकमिंगच्या (माजी विद्यार्थी परत येतात त्या) दिवशी नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१. त्याच मॅचमध्ये ॲलरला दुखापत झाली आणि त्याचा सीझनच संपला. दुसऱ्या दिवशी रविवारी फ्रँकलिनना काढलं. दोन आठवड्यांत होत्याचं नव्हतं झालं म्हणतात ना, ते हेच.

आता थांबता आलं नसतं का? मैदानापुरतं बघितलं तर आलं असतं. पण कॉलेज फुटबॉलचं कॅलेंडर फार विचित्र आहे. शाळेत बारावीला असलेली मुलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजशी सही करतात आणि लगेच जानेवारीत ट्रान्सफर पोर्टल उघडतं, म्हणजे आधीच कॉलेजात असलेली मुलं टीम बदलू शकतात. त्या वेळी कोचच्या खुर्चीत कोणी नसेल तर मुलांनी भरवसा कोणावर ठेवायचा? म्हणून युनिव्हर्सिटी म्हणतात, आत्ताच काढा आणि शोध सुरू करा, नाहीतर दुसरे आपल्या आधी चांगला माणूस उचलतील. त्या सीझनला भीतीही खरी होती, कारण यूसीएलए, व्हर्जिनिया टेक, ओक्लाहोमा स्टेट, आर्कान्सा, फ्लोरिडा, लुइझियाना स्टेट (एलएसयू), ऑबर्न सगळेच कोच शोधत होते.

पण मला विचाराल तर पेन स्टेटच्या बाबतीत या घाईचा काही उपयोग झाला नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. ऑक्टोबरमध्ये काढलं आणि नवे कोच मॅट कॅम्पबेल आयोवा स्टेटमधून आले डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सही करायचा दिवस उलटून गेल्यावर, आणि त्या दिवशी पेन स्टेटकडे सही केली फक्त दोन मुलांनी. दोन! जिथे एरवी वीस-पंचवीस जण येतात.

पैशाचं असंय, की कोचचं कॉन्ट्रॅक्ट बरंचसं गॅरंटीड असतं, त्यामुळे मुदतीआधी काढलं तर उरलेले पैसे द्यावे लागतात, त्याला बायआउट म्हणतात. फ्रँकलिनचा साधारण ४ कोटी ९० लाख डॉलर होता, एलएसयूच्या ब्रायन केलींचा साधारण ५ कोटी ४० लाख, आणि २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशरना काढलं तेव्हा साडेसात कोटींच्याही वर. फक्त अनेक कॉन्ट्रॅक्टमध्ये अशी अट असते की माणसाला दुसरीकडे नोकरी लागली तर तिथला पगार यातून वजा होतो. फ्रँकलिन नोव्हेंबरमध्येच व्हर्जिनिया टेकला गेले आणि पेन स्टेटचा हिशोब ९० लाखांवर मिटला. तरीही ९० लाख म्हणजे काय थोडे नाहीत, तुमचं न पटणं बरोबरच आहे.

प्रश्न: दादा, मी पेन स्टेटलाच ग्रॅड स्टुडंट आहे. टेरी स्मिथ तात्पुरते कोच झाल्यावर पहिल्या तीन मॅच हरलो आणि नंतर चारही जिंकलो. माझे मित्र म्हणतात की पुढच्या टीम्स सोप्या होत्या म्हणून जिंकलो, कोचचं काही नाही. तात्पुरता कोच नक्की करतो काय? – एक विद्यार्थी, स्टेट कॉलेज

मित्रा, तुझ्या पत्राची मी वाटच बघत होतो म्हण ना.

तुझ्या मित्रांचं अर्धं बरोबर आहे. मिशिगन स्टेट, नेब्रास्का, रटगर्स यांच्यापेक्षा आधीचे आयोवा, ओहायो स्टेट आणि इंडियाना जास्त तगडे होते, यात वाद नाही. पण ज्याने ८ नोव्हेंबरची इंडियानाची मॅच बघितली तो तरी असं म्हणणार नाही. मी ती पूर्ण बघितली. २०-७ ने मागे असलेली टीम, क्वार्टरबॅकला इथन ग्रंकमायर, नुकती सुरुवात केलेला पोरगा, आणि तिथून त्यांनी २४-२० अशी लीड घेतली. दोन मिनिटंही उरली नव्हती, इंडियानाकडे खेळ थांबवायला एकही टाइमआउट नाही आणि ८० यार्ड जायचंय. आणि ते गेले! ३६ सेकंद राहिली असताना त्यांचा क्वार्टरबॅक मेंडोझाने एंड झोनच्या (जिथे बॉल पोचला की पॉइंट मिळतात तो पट्टा) पार मागच्या टोकाला बॉल टाकला, ओमर कूपरने हवेत उडून तो पकडला आणि बाहेर पडता पडता एका पायाचा नुसता चवडा आत टेकवला. पांढऱ्या रेषेच्या आत तो बूट जेमतेम, रीप्ले पाच वेळा दाखवला तरी विश्वास बसत नव्हता. २७-२४. हातातोंडाशी आलेला घास गेला. आणि ही इंडियाना पुढे एकही मॅच न हरता नॅशनल चॅम्पियन झाली, त्यांना त्या सीझनला इतकं रडवणारे फार थोडे होते. ज्या टीमने हार मानलेली असते ती असं खेळत नाही रे.

आता तात्पुरता कोच करतो काय. तो नवीन प्लेबुक (चालींची वही) आणत नाही, वेळच नसतो, शनिवार ते शनिवार मधे सहा दिवस. रविवारी फिल्म बघायची, मंगळवार-बुधवारी जोरात प्रॅक्टिस, गुरुवार-शुक्रवार हळूहळू कमी करत जायचं, हे चाक तसंच फिरतं. त्याचं खरं काम आहे की हे चाक थांबू द्यायचं नाही. मीटिंगला आठला यायचं म्हणजे आठलाच यायचं, मागच्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि मुलांना रोज सकाळी समोर दिसायचं. टेरी स्मिथ स्वतः तिथे वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल पकडणारा, म्हणून खेळलेले आणि २०१४ पासून तिथेच कॉर्नरबॅक्सचे, म्हणजे अशा रिसीव्हर्सना अडवणाऱ्यांचे, कोच. म्हणजे मुलांसाठी तो परका माणूस नव्हताच, त्यातल्या कितीतरी जणांना त्यांनीच घरी जाऊन आईवडिलांशी बोलून आणलेलं.

आणि एक बारीक गोष्ट सांगतो जी टीव्हीवर कोणी फारशी बोलत नाही. २०२४ पासून वरच्या लेव्हलच्या कॉलेज फुटबॉलमध्ये मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, त्या हेल्मेटला मागे हिरवा ठिपका असतो, पुढच्या वेळी नीट बघ. बाजूला उभा असलेला कोच त्यातून प्ले, म्हणजे पुढची चाल, सांगतो, आणि चाल सुरू करायच्या घड्याळावर (प्ले क्लॉक) १५ सेकंद उरली की आवाज बंद, पुढे पोराने स्वतः बघायचं. पेन स्टेटमध्ये हेड कोच गेले पण ऑफेन्सचे (बॉल आपल्याकडे असतानाचा खेळ) कोच ॲंडी कोटेलनिकी आणि डिफेन्सचे (समोरच्यांना अडवायचा खेळ) जिम नोल्स सीझनभर राहिले, म्हणजे कोचच्या खुर्चीत माणूस बदलला तरी रोजचे प्ले सांगणारे लोक तेच. माझं तर ठाम मत आहे की सीझनच्या मधे कोच बदलला तर सगळ्यात आधी हेच बघावं, मुलांच्या कानात रोज बोलणारा कोण आहे आणि तो बदललाय की नाही.

यूसीएलएमध्ये उलटं झालं आणि तिथे तर बदललेला आवाजच कामाला आला. पहिल्या तीन मॅच हरल्यावर डिशॉन फॉस्टरना काढलं, टिम स्किपर तात्पुरते आले, चौथीही हरली, मग ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे प्ले सांगणारा कोचही गेला आणि टाइट एंड्स या जागेवरच्या खेळाडूंचे कोच जेरी नॉयहायझल यांना त्याच आठवड्यात सांगितलं की आता प्ले तुम्ही कॉल करा. चार-पाच दिवसांची तयारी! आणि त्या शनिवारी त्यांनी पेन स्टेटला हरवलं. हाफटाइमला २७-७. नॉयहायझल स्वतः त्याच कॉलेजात क्वार्टरबॅक होते, त्यांचे वडील तिथले हेड कोच होते, मॅच संपल्यावर मुलांनी त्यांना खांद्यावर उचललं. पुढे दोन मॅच अजून जिंकले आणि नंतर गाडी परत घसरली, सीझन ३-९ वर संपला. नव्या आवाजाने तीन आठवडे जान आली, बारा मॅचचं मात्र भागलं नाही.

पेन स्टेटचं बघ, नेब्रास्काला ३७-१० हरवलं ती सीनियर्सची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच, आणि त्याच रात्री कायट्रॉन ॲलन पेन स्टेटच्या इतिहासातला सगळ्यात जास्त रशिंग यार्ड, म्हणजे बॉल घेऊन पळत कापलेलं अंतर, काढणारा झाला. ज्या सीझनची लोकांनी ऑक्टोबरमध्येच तिरडी बांधली होती त्या सीझनमध्ये. मुलांनी मॅचनंतर टेरी स्मिथना कायम करा अशा पाट्या धरल्या होत्या. तसं झालं नाही, पण कॅम्पबेलनी त्यांना आपल्या स्टाफमध्ये ठेवून घेतलं, आणि मला वाटतं त्यांनी घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

कधी कधी तात्पुरता माणूस कायमचा होतोही हं. क्लेमसनमध्ये २००८ साली ऑक्टोबरमध्ये कोच गेले आणि रिसीव्हर्सना शिकवणाऱ्या डॅबो स्वीनींना बसवलं, त्यांनी पुढे २०१६ आणि २०१८ च्या सीझनचं चॅम्पियनशिप जिंकलं. एड ओर्जरॉनचं तर अजूनच. २०१३ मध्ये यूएससीने सीझनच्या मधे कोच काढला आणि यांना तात्पुरतं बसवलं, आठपैकी सहा जिंकले तरी नोकरी दुसऱ्यालाच दिली. तीन वर्षांनी एलएसयूमध्ये तीच वेळ, तीच तात्पुरती खुर्ची, पण या वेळी कायम केलं, आणि २०१९ ला १५-०. आणि त्यांनाही २०२१ मध्ये सीझन संपायच्या आत सांगितलंच की आता पुरे.

प्रश्न: सहा मॅच जिंकल्या म्हणून एवढा आनंद का करतात? बारापैकी सहा म्हणजे काठावर पास! – एक वाचक

काठावर पासच, पण तो काठ महत्त्वाचा आहे. सहा जिंकल्या की बोल (bowl) मॅच मिळते, म्हणजे सीझननंतरची एक मोठी मॅच दुसऱ्या शहरात. मॅच एक असते पण तिच्यामुळे डिसेंबरभर प्रॅक्टिस करता येते, आणि सीझनभर बाकावर बसलेल्या पोरांना त्या प्रॅक्टिसमध्ये खरी संधी मिळते. पेन स्टेटने रटगर्सला ४०-३६ असं दमछाक होत हरवलं तेव्हा तो सहावा विजय होता, आणि मग यँकी स्टेडियममध्ये क्लेमसनला २२-१० हरवून सातवा.

प्रश्न: ओल मिसची (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) टीम ११-१, प्लेऑफमध्ये जाणार, आणि कोच लेन किफिन चालले एलएसयूला! त्यांना प्लेऑफपर्यंत तरी राहू द्यायला हवं होतं ना? मुलांचं नुकसान झालं. – एक वाचक, टेक्सस

मला नाही वाटत. किफिन यांना प्लेऑफ कोच करायचं होतं पण युनिव्हर्सिटीने नाही म्हटलं, आणि बरोबर केलं. जो माणूस उद्यापासून शेजारच्या राज्यातल्या तुमच्या कट्टर विरोधकाकडे जाणार, जो आत्ताच फोनवर तिकडे कोण कोण येईल हे बघणार, त्याला तुमच्या मुलांच्या मीटिंगमध्ये बसवायचं कसं? घरात एक पाय आणि दारात एक पाय, असं नाही चालत. त्यांनी डिफेन्स बघणाऱ्या पीट गोल्डिंगना तात्पुरतं नव्हे तर थेट कायमच केलं. तेही मुलांच्या ओळखीचे. गंमत म्हणजे ऑफेन्सचे प्ले सांगणारे चार्ली वाइस ज्युनियर एलएसयूला जाणार होते तरी प्लेऑफसाठी परत येऊन काम केलं, म्हणजे बघा, परत तेच, आवाज तोच राहिला. टुलेनला ४१-१० हरवलं, मग शुगर बोलमध्ये जॉर्जियासारख्या टीमला ३९-३४, आणि सेमीफायनलला मायामीकडून शेवटच्या मिनिटात गेली. नुकसान झालंच असेल तर निदान त्या महिन्यात मैदानावर तरी दिसलं नाही.

पण मुलांना ही बातमी कळते कशी याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२१ मध्ये नोत्र दामची मुलं ब्रायन केली एलएसयूला चालले हे आधी फोनवर बातमीत वाचून बसली होती, आणि सकाळी सातची मीटिंग काही मिनिटांत आटोपली. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं आहेत हो ती. त्या कॉलेजने मग डिफेन्सच्या मार्कस फ्रीमन यांना हेड कोच केलं, सुरुवातीच्या तिन्ही मॅच हरले बिचारे, लोकांनी काय काय बोलावं, आणि २०२४ च्या सीझनला तेच टीमला थेट चॅम्पियनशिप मॅचपर्यंत घेऊन गेले. थोडा धीर धरला की असंही होतं.

प्रश्न: दादा, माझा मुलगा एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये किकर (पायाने बॉल मारणारा) आहे, दुसरं वर्ष, स्कॉलरशिप आहे. ज्यांनी त्याला निवडलं ते कोच गेले. नवे आलेत, ते आपला किकर घेऊन येणार अशी चर्चा आहे. त्याचे मित्र म्हणतात लगेच पोर्टलमध्ये नाव टाक. तो फोनवर नीट बोलतही नाही, जेवतोय की नाही कळत नाही. आम्ही काय करावं? – एक आई

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी घाई नको, हे सांगतो, कारण घाईत सगळ्यात जास्त नुकसान मुलांचंच होतं.

पोर्टलमध्ये नाव टाकणं म्हणजे मी जायला तयार आहे असं सगळ्यांना सांगणं, पण दुसऱ्या कोणी घेतलंच पाहिजे असं नाही. आणि नाव टाकलं की आत्ताचं कॉलेज पुढच्या टर्मपासून स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं. दर वर्षी कितीतरी मुलं नाव टाकतात आणि कुठेच जागा न मिळता राहतात. हेड कोच बदलला तर मुलांना जायला वेगळी मुदत मिळते, आधी ती ३० दिवसांची होती, आता १५ दिवसांची केलीय आणि नवा कोच जाहीर झाल्यानंतर पाच दिवसांनी ती सुरू होते. हे पाच दिवस फार मोलाचे आहेत, ते बोलण्यासाठीच आहेत असं धरा.

दुसरं म्हणजे किकरचं गणित लाइनमन किंवा रिसीव्हरपेक्षा वेगळं असतं. मैदानावर एकच किकर. आणि २०२५ पासून बहुतेक मोठ्या कॉलेजांत टीममध्ये १०५ च मुलं ठेवता येतात, पूर्वी त्याहून बरीच जास्त असायची, त्यामुळे तीन-तीन किकर सांभाळणं आता कोचला परवडत नाही. म्हणून चर्चेवर जाऊ नका, पण चर्चा खोटीच आहे असंही समजू नका. कोच आपली मुलं आणतात, कॅम्पबेल यांच्यामागे आयोवा स्टेटची कितीतरी मुलं पेन स्टेटला आली, त्यात क्वार्टरबॅक रॉको बेक्टसुद्धा.

त्याला सांगा की नव्या हेड कोचची वेळ मागायची आणि स्पेशल टीम्सचे, म्हणजे किकिंग बघणारे, कोच जुनेच राहणार की बदलणार ते विचारायचं, कारण त्याच्या रोजच्या प्रॅक्टिसला समोर उभा राहणारा माणूस तो आहे. ते राहणार असतील तर माझ्या मते थांबावं. बदलणार असतील तर तोंडावर विचारायचं की वसंतातल्या प्रॅक्टिसमध्ये मला स्पर्धा करायची संधी आहे का, यादीत किती किकर ठेवणार आहात, स्कॉलरशिप पुढच्या वर्षीही आहे ना, आणि आहे म्हटलं तर ते लेखी मिळेल का. बहुतेक कोच सरळ विचारलं की सरळ उत्तर देतात. मग ॲकॅडमिक ॲडव्हायझरकडे जाऊन बघायचं की दुसरीकडे गेला तर आत्तापर्यंतचे किती क्रेडिट धरले जातील, दोन वर्षांचा अभ्यास वाया जाणार असेल तर तो आकडा निर्णयाच्या आधी समोर असू दे.

आणि जेवणाचं. टीमच्या मुलांचं खाणंपिणं बघायला कॉलेजात डाएटिशियन असतात, बोलायला काउन्सेलर असतात, कोच बदलला तरी ही माणसं बहुतेक तिथेच राहतात, त्यांच्याकडे जायला त्याला संकोच वाटत असेल तर तुम्ही एकदा सुचवा. फोन मात्र रोज करा. पहिली पाच मिनिटं किकिंगचा विषय काढू नका, तो स्वतःहून काढेल.